रविवारी साठ माणसं, बुधवारी एकही नाही: श्रमदानातून घर बांधण्याचा कामाचा क्रम

वस्तीतल्या एखाद्या कुटुंबाचं घर पडतं. मंडळ किंवा छोटी संस्था पुढे येते, वर्गणी जमते आणि पहिल्या रविवारी साठ जण फावडी घेऊन हजर होतात. तिसऱ्या आठवड्यात जागेवर गवंडी, त्याचा एक बिगारी आणि संस्थेचा सचिव एवढेच उरलेले असतात, आणि जोत्यावर पाणी मारायला कोणी नसतं. आम्ही कराड भागात अशी चार घरं उभी केली. पहिल्या दोन घरांत आम्ही ज्या चुका केल्या, त्याच आता आजूबाजूची मंडळं करताना दिसतात, म्हणून हे लिहितो आहे.

उदाहरणाला घेतलेलं घर साधं आहे. बाहेरून २० बाय १५ फूट, एक खोली, स्वयंपाकघर, मागे संडास-बाथरूम, ९ इंची विटांच्या भिंती आणि वर स्लॅब. तुमचं घर वेगळं असेल, पण क्रम हाच राहील. एक अट मात्र कुठेही बदलत नाही: पाया, सळई आणि स्लॅब यांचा निर्णय इंजिनिअरचा. ओळखीतला सिव्हिल इंजिनिअर नकाशा फुकट काढून देतो, पण तेवढ्यावर थांबू नका. पाया खणल्यावर, जोत्याच्या वेळी आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी असा तीन वेळा तो प्रत्यक्ष जागेवर येईल, हे आधीच कबूल करून घ्या.

टप्पा १: कागद, आणि घरात राहणारी माणसं

कुदळ मारण्याआधी जागा कोणाच्या नावावर आहे ते बघा. गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, शहरात असेल तर प्रॉपर्टी कार्ड. पडलेल्या घराचा उतारा बहुतेक वेळा वारलेल्या सासऱ्याच्या नावावर असतो आणि वारस पाच-सहा निघतात. आमच्या दुसऱ्या घराच्या वेळी खोदाई अर्धी झाली असताना मुंबईहून धाकटे दीर आले आणि चरात उभे राहून म्हणाले, "माझा हिस्सा कुठाय ते आधी दाखवा." काम दोन महिने थांबलं. तेव्हापासून सगळ्या वारसांची लेखी संमती नोटरीसमोर झाल्याशिवाय आम्ही नारळ फोडत नाही.

बांधकाम परवाना ग्रामपंचायतीचा की नगरपरिषदेचा, हे तिथल्या तिथे विचारून घ्या आणि अर्जाची पोच फाइलला लावा. "गरिबाचं घर आहे, कोण विचारतंय?" या भरवशावर राहू नका. शेजारी विचारतो.

कुटुंबाचं नाव सरकारी घरकुल यादीत असेल तर मंजुरीचा आदेश हातात येईपर्यंत जुन्या घराची वीटसुद्धा हलवू नका. त्या योजनेत हप्ते टप्प्याटप्प्याने मिळतात आणि प्रत्येक टप्प्याचा जागेसकट फोटो अपलोड होतो. रिकामी जागा, जोतं, छत असा तो क्रम असतो. उत्साहाच्या भरात जोतं आधीच बांधून झालं, तर पहिला फोटो कशाचा काढणार?

मग घरात बसून बोला, आणि ज्या बाईला त्या घरात चूल चालवायची आहे तिच्याशी बोला. आम्ही एकदा नकाशा अंथरून घरधन्याला सगळं समजावून सांगितलं. तो मान डोलावत होता. काकू कोपऱ्यातून म्हणाल्या, "दार हिकडं उघडलं तर हंडा कुठं ठिवू मी?" दार फिरवलं. कागदावर फिरवायला एक मिनिट लागलं. चौकट बसल्यावर ते कळलं असतं तर भिंत फोडावी लागली असती.

तपासा: उतारा, वारसांची संमती, परवान्याची पोच, इंजिनिअरच्या सहीचा नकाशा. चारपैकी एकही नसेल तर काम पुढे नाही.

टप्पा २: पैसे आणि दानात आलेला माल

घराचं अंदाजपत्रक जोत्यापर्यंत, लिंटलपर्यंत (दारं-खिडक्यांच्या वरच्या पट्ट्यापर्यंत), स्लॅब आणि फिनिशिंग अशा चार भागांत काढा. एका भागाचे सगळे पैसे खात्यात आल्याशिवाय तो भाग सुरू करू नका. लिंटलपर्यंत येऊन थांबलेल्या भिंतींवर पावसाळा गेला की वरचे थर काढून पुन्हा बांधावे लागतात. स्लॅबच्या बाबतीत तर अर्ध्या पैशात काहीच होत नाही.

बँकेचं खातं दोन सह्यांचं असू द्या आणि रोजचा खर्च वहीत त्याच संध्याकाळी उतरवा. संस्थेला ८०जी (देणगीदाराला आयकरात वजावट देणारी मान्यता) असेल तर देणगीदारांना आधीच स्पष्ट सांगा की २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली तर त्यावर वजावट मिळत नाही, आणि विटा, सिमेंट अशा वस्तुरूप देणगीवरही मिळत नाही. पावती लिहिताना वाद घालण्यापेक्षा हे बरं.

दानात आलेल्या वस्तूंचं प्रकरण जरा नाजूक आहे. लोक मनापासून देतात, आणि देतात ते घरात उरलेलं. चार वेगवेगळ्या मापांच्या खिडक्या, एक सागवानी दार, दोन पोती सिमेंट, गंजलेल्या सळईचे तुकडे. नियम असे ठेवा:

दारं-खिडक्या दानात घेणार असाल तर त्या आखणीच्या आधी जागेवर आल्या पाहिजेत. माप घ्या, नकाशात टाका, मगच भिंत उचला. "नंतर आणून देतो" म्हणणाऱ्याची खिडकी मोजू नका.

सिमेंटच्या पोत्यावर उत्पादनाचा आठवडा छापलेला असतो. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट स्लॅबला, लिंटलला वापरायचं नाही. पोत्यात खडे झाले असतील तर ते कशालाच नाही.

सळईचे तुकडे नम्रपणे नाकारा. "भंगारात विकून पैसे द्या, दादा" असं सांगितलं तर कोणी रागावत नाही.

वाळू आली की ट्रॅक्टर खाली होण्याआधी एक पारदर्शक बाटली घ्या. निम्मी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवा आणि तीन तास ठेवून द्या. वाळूच्या वर गाळाचा थर बसतो. १० सेंटीमीटर वाळूवर ८ मिलिमीटरपेक्षा जाड थर आला तर ती वाळू परत. ट्रॅक्टरवाला तीन तास थांबणार नाही हे खरं, म्हणून नमुना आदल्या दिवशी जाऊन आणा. विटेची परीक्षा सोपी आहे. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की टणकन आवाज आला पाहिजे, आणि कमरेच्या उंचीवरून मातीवर आडवी सोडली तर ती फुटता कामा नये.

आमच्याकडच्या विटेच्या मापाने या घराला सात-साडेसात हजार विटा लागतात. वीटभट्ट्यांचा नवा माल जानेवारीपासून मिळतो. त्याच दिवसांत उसाचा हंगाम जोरात असतो आणि सगळे ट्रॅक्टर कारखान्याकडे पळत असतात. त्यामुळे गाडीचं आधी ठरवा, विटेचं नंतर. एकूण वेळापत्रक असं धरा: दिवाळीनंतर पाया, संक्रांतीनंतर विटकाम, मार्चमध्ये स्लॅब, मृग लागायच्या आत गृहप्रवेश.

टप्पा ३: माणसांची यादी

बहुतेक मंडळं इथेच घसरतात. "ज्याला जमेल त्याने या" असा निरोप गेला की एका दिवशी साठ येतात, त्यातले चाळीस फोटो काढतात आणि गवंड्याला हात हलवायला जागा राहत नाही. नऊ इंची भिंतीवर एका गवंड्यामागे तीन-चार माणसं पुरे होतात.

यादीचे तीन भाग करा.

पगारी माणसं: गवंडी, सेंट्रिंगवाला (स्लॅबखालचा साचा आणि टेकू लावणारा), सळई बांधणारा फिटर, वायरमन, प्लंबर. यांच्याकडून श्रमदान मागू नका. हातावर पोट असलेल्या गवंड्याने आठवड्याची हजेरी सोडावी आणि पगारदार माणसांनी रविवारचे दोन तास देऊन फेसबुकवर टाकावं, याला मी सेवा म्हणत नाही. त्यांची मजुरी बाजाराच्या दिवशी, दुपारच्या आत, हातात.

हाताखालचे स्वयंसेवक: खोदाई, भराई, विटा उतरवणं, वाळू चाळणं, विटा भिजवणं, माल (सिमेंट-वाळूचं मिश्रण) कालवणं, रंग देणं. दिवसाला जास्तीत जास्त दहा-बारा.

पाण्याचे स्वयंसेवक: यांना फक्त सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं आहे. यादी करताना ही नावं सगळ्यात आधी भरा. यासाठी घरापासून पाच मिनिटांवर राहणारी माणसंच घ्या. निवृत्त मास्तर, दुकानदार, दुधाची फेरी करणारा पोरगा. गावाबाहेरचा उत्साही माणूस इथे उपयोगाचा नाही.

एक माणूस मुकादम. स्वयंसेवकांनी गवंड्याला थेट सूचना द्यायच्या नाहीत आणि गवंड्याने स्वयंसेवकांवर ओरडायचं नाही. दोन्ही बाजूंचं मुकादमाकडे.

सावधान: चप्पल घालून आलेल्याला परत पाठवा. ओलं सिमेंट कातडी भाजतं आणि ते लगेच कळत नाही, संध्याकाळी बोटांना भेगा पडल्यावर कळतं. रबरी हातमोजे द्या आणि हात भरपूर पाण्याने धुवायला लावा. अठरा वर्षांखालच्या मुलांना बांधकामाच्या आत प्रवेश नाही. स्वयंसेवकांचा गट अपघात विमा उतरवून घ्या, आणि त्यात पगारी मजूरही धरले आहेत ना, हे एजंटला विचारा.

टप्पा ४: आखणी आणि खोदाई

आखणीला चारच माणसं. चुन्याची फक्की, सुतळी, खुंट्या आणि टेप. काटकोनासाठी एका बाजूवर ६ फूट, दुसऱ्या बाजूवर ८ फूट मोजा. त्या दोन खुणांमधलं अंतर नेमकं १० फूट भरलं पाहिजे. त्यानंतर पूर्ण घराचे दोन्ही कर्ण मोजा. २० बाय १५ चं माप घेण्याचा एक फायदा असा की कर्ण बरोबर २५ फूट येतो, आकडेमोड नको. दोन कर्णांत एक इंचाचा फरक आला तरी खुंट्या उपटा आणि पुन्हा आखा. तो इंच स्लॅबपर्यंत तुमच्याबरोबर येतो आणि शेवटी फरशी बसवताना भिंतीकडेला तिरकी फाक होऊन दिसतो.

खोदाई हे स्वयंसेवकांचं आवडतं काम. करू द्या, पण किती खोल ते इंजिनिअर सांगेल. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यावर पाया टेकवायचा नाही. खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत जायचं. एका कोपऱ्यात तीन फुटांवर मुरूम लागतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात पाचावर, असंही होतं. "तिकडं तीनच फूट गेलोय, इथंही पुरे" असं म्हणून थांबलेला चर पुढे भिंतीला तिरकी चीर देतो.

काढलेली माती चरापासून तीन फूट लांब टाका. काठावर ढीग केला तर तो परत चरातच येतो, कधी माणसासकट.

तपासा: चर पूर्ण झाल्यावर इंजिनिअरने तळ बघितल्याशिवाय काँक्रीट पडणार नाही. ही त्याची पहिली फेरी.

टप्पा ५: पाया आणि जोतं

तळाला काँक्रीटचा थर, त्यावर दगडी बांधकाम, त्यावर जोत्याचा आरसीसी पट्टा. हा भाग गवंडी आणि फिटर करतील. आमचा भाग कोयनेच्या जवळचा आहे आणि १९६७ चा भूकंप पाहिलेली माणसं अजून आहेत. त्यामुळे जोत्याला आणि लिंटलला घरभर न तुटणारा पट्टा ही आमच्याकडे चैन मानली जात नाही. दाराशी पट्टा तोडून सळई वाचवणारा गवंडी भेटलाच तर त्याला थांबवा.

जोत्याचं काँक्रीट पडण्याआधी एक गोष्ट हमखास राहते: पाइपांची भोकं. संडासाचा, मोरीचा आणि पाण्याचा पाइप जोत्यातून जिथून जाणार तिथे पाइपाचे तुकडे आधीच ठेवून द्या. नंतर छिन्नीने पट्टा फोडणारा प्लंबर सळईसुद्धा कापतो.

मग भराई. इथे मात्र हवे तेवढे हात लावा. मुरूम सहा इंचांच्या थरात पसरा, पाणी मारा, धुम्मसाने ठोका, मगच पुढचा थर. सगळी मंडळं हाच नियम मोडतात. रविवारी गर्दी असते, दुपारपर्यंत दोन फूट मुरूम एकदम ढकलला जातो, वरून टँकर सोडला जातो आणि सगळे म्हणतात, बसला. आमच्या पहिल्या घरात तो बसला नव्हता. पहिल्या पावसाळ्यात ओट्यापुढची शहाबादी दीड इंच खाली गेली आणि काकूंनी चार महिने पाटाखाली विटेचा तुकडा लावून स्वयंपाक केला.

तपासा: ठोकलेल्या थरावर टाच दाबून उभे राहा. टाचेचा खड्डा पडला तर अजून ठोकायचं आहे.

वाळवीचं औषध मारायचं असेल तर ते याच वेळी, जाणत्या माणसाकडून. त्या दिवशी स्वयंसेवकांना सुट्टी.

टप्पा ६: विटकाम

गवंडी चार कोपरे उचलेल आणि दोरी लावेल. मधले थर शिकाऊ स्वयंसेवकाला देता येतात, पण कोपरा आणि चौकटीची कड त्याच्या हातात कधीच नाही. ओळंबा आणि गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) गवंड्याच्याच कमरेला राहू द्या.

आता स्वयंसेवकांकडून होणाऱ्या चुका, गवंडीमामांच्या तक्रारींच्या क्रमाने.

कोरडी वीट. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते आणि सांधा भुसभुशीत राहतो. वरून बादलीभर पाणी शिंपडणं म्हणजे भिजवणं नव्हे. पिंपात विटा बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, बाहेर काढून निथळू द्या. हे काम सकाळी सातला सुरू झालं तर गवंडी नऊला हाताला काम लावू शकतो. गवंडी आणि भिजवणारे एकाच वेळी आले तर दीड तास मजुरी वाया.

घमेल्याचं माप. "एकास सहा" म्हणजे सिमेंटचं एक आणि वाळूची सहा, पण एका पोराचं घमेलं शिगोशीग असतं आणि दुसऱ्याचं पाऊण. फळ्यांची एक पेटी करून घ्या. ५० किलोच्या पोत्यातलं सिमेंट सव्वा घनफूट भरतं, म्हणून पेटीही सव्वा घनफुटाची. एक पोतं, सहा पेट्या वाळू, पेटीच्या काठावरून पट्टी फिरवलेली. पाणी न घालता रंग एकसारखा होईपर्यंत उलथापालथ करा, मगच पाणी.

कालवून ठेवलेला माल. चहाला जाण्याआधी मोठा ढीग कालवायचा आणि परत येऊन त्यात पाणी घालून मऊ करायचा, हे बंद. तासाभरात संपेल एवढाच माल कालवा. घट्ट झालेला टाकून द्या, पुन्हा पाणी घालून जिवंत होत नाही तो.

एका दिवसात भिंत डोक्याच्या वर. माणसं जास्त असली की भिंत भराभर चढते आणि खालचे ओले थर दबतात. दिवसाला चार-साडेचार फुटांच्या वर जाऊ नका. चारी भिंती एकाच उंचीने उचला. एकच भिंत लिंटलपर्यंत नेली की बाकीच्या तिला नीट जुळत नाहीत.

सांध्यावर सांधा. उभे सांधे एकाखाली एक आले तर तिथेच चीर जाते. शिकाऊ माणसाला एवढं एकच वाक्य शिकवलं तरी पुरे.

चौकटी भिंतीबरोबरच बसवा. दार कोणत्या बाजूला उघडणार हे खडूने चौकटीवर लिहून ठेवा, कारण उलटी बसलेली चौकट तीन फूट भिंत चढेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. लिंटलचा पट्टा झाला की दुसऱ्या दिवशी काम बंद आणि फक्त पाणी.

सावधान: परांची बांबूची असेल तर तिच्यावर विटांचा साठा करू नका, लागतील तेवढ्याच पोचवा. घराजवळून विजेची तार जात असेल तर वीज कंपनीकडे अर्ज आधीच द्या. लांब सळई उभी करून फिरवताना होणारे अपघात पुन्हा संधी देत नाहीत.

टप्पा ७: स्लॅब

हा दिवस स्लॅब भरणाऱ्या पगारी टोळीचा, स्वयंसेवकांचा नव्हे. सगळ्यांना स्लॅबला यायचं असतं आणि इथेच सगळ्यात कमी नवखे लोक पाहिजेत.

३०० चौरस फुटांवर पाच इंचांचा स्लॅब धरला तर १२५ घनफूट काँक्रीट होतं. एकास दीडास तीन या प्रमाणात त्याला २८ पोती सिमेंट, अर्ध्या ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडी वर वाळू आणि एका ब्रासच्या थोडी वर खडी लागते. पाच पोती आणि थोडी वाळू-खडी जास्तीची आणून ठेवा. मधेच माल संपला आणि दोन तासांनी नवा आला, तर जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये जोड पडतो आणि पावसाळ्यात नेमका तिथूनच थेंब सुरू होतो.

आदल्या दिवशी इंजिनिअर येईल. त्याच्याबरोबर मुकादमाने हे बघायचं: सळईखाली सिमेंटचे पाऊण इंची ठोकळे आहेत की खडीचे तुकडे सरकवले आहेत, भिंतीजवळच्या वरच्या सळया वर आहेत की चालून चालून खाली दबल्या आहेत, पंख्याचे हूक आणि विजेचे पाइप टाकले आहेत का, टेकूंखाली फळ्या आहेत की ते थेट मातीवर उभे आहेत. सळईवर चालायला फळ्या टाका. हा साधा उपाय कोणी करत नाही.

स्लॅब भरताना एक हाक सारखी ऐकू येते: "पाणी सोड रे, माल सरकंना." पातळ माल ओतायला सोपा जातो, घमेली पटापट सरकतात आणि स्वयंसेवकांची साखळी खूश असते. त्या जादा पाण्याने काँक्रीटची ताकद जाते. एका पोत्याला २५ लिटर ही वरची मर्यादा समजा, आणि वाळू ओली असेल तर त्यातूनही कमी. पाण्याच्या पिंपावर एकच माणूस बसवा, मापाची बादली त्याच्या हातात द्या आणि तो कोणाचं ऐकणार नाही असाच निवडा. आमच्याकडे निवृत्त एसटी कंडक्टर आहेत. त्यांनी सरपंचालासुद्धा जादा पाणी दिलं नाही.

स्वयंसेवकांनी वाळू-खडीच्या पेट्या भरायच्या, रिकामी घमेली परत आणायची, जेवण आणि पिण्याचं पाणी बघायचं. स्लॅबखाली फक्त सेंट्रिंगवाला जाईल, टेकूंवर लक्ष ठेवायला. बाकी कोणीही, फोटोसाठीसुद्धा, खाली जाणार नाही.

सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या साइटला न्यायच्या असतात, तो सहाव्या दिवशी फोन करतो. दोन आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपर्यंत असेल तर स्लॅबखालचे टेकू सात दिवसांनी काढता येतात असं काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं, पण तो आकडा साध्या सिमेंटचा आहे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) जास्त वेळ द्यावा लागतो. आम्ही १४ दिवस ठेवतो, आणि भाडं ठरवताना ते १४ दिवसांचंच ठरवतो.

टप्पा ८: पाणी

काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होतं. म्हणून ते वाळू द्यायचं नाही. पीपीसीला किमान १० दिवस, आणि मार्चच्या उन्हात १४. स्लॅबवर मालाची छोटी आळी करून पाणी तुंबवून ठेवा. भिंतींना सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. पट्ट्यांवर ओलं गोणपाट.

१४ दिवस गुणिले दोन म्हणजे २८ पाळ्या. कागदावर २८ रकाने काढा, प्रत्येकात एक नाव आणि एक बदली नाव. तो कागद जागेवरच खांबाला चिकटवा, व्हॉट्सॲपवर नको. व्हॉट्सॲपवर सगळे अंगठा दाखवतात. ज्याने पाणी मारलं त्याने कागदावर सही करायची. कुटुंबातल्या माणसांची नावंही यात घाला, त्यांचा हात लागायलाच हवा. पण सगळ्या पाळ्या त्यांच्याच गळ्यात मारू नका. ती माणसं दिवसभर मजुरीला जातात.

पाणी पिण्यालायक असावं. उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड येत असेल तर स्लॅबची तारीख टँकर ठरल्यावरच पक्की करा. पुढाऱ्याच्या सवडीनुसार ठरवू नका.

तपासा: दुपारी दोनला अचानक जाऊन स्लॅबवर हात ठेवा. पांढरट आणि कोरडा लागला तर सकाळची सही खोटी आहे.

टप्पा ९: गिलावा, वायर, रंग

इथून पुढे घाई केली तरी फारसं बिघडत नाही, क्रम चुकला तर बिघडतं. आधी वायरिंगचे आणि पाण्याचे पाइप भिंतीत, मग गिलावा, मग फरशी, मग रंग. भिंत गिलाव्याआधी ओली करा, आणि गिलाव्यालाही आठवडाभर पाणी द्या. वायरिंग परवानाधारक वायरमनकडून, अर्थिंगसकट. रंग मात्र पूर्ण स्वयंसेवकांचा. गिलावा नीट वाळल्यावर, नाहीतर सहा महिन्यांत पोपडे.

देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी दाराशेजारी लावायचा आग्रह होईल. आम्ही लावत नाही. त्या घरात उद्या मुलीला बघायला पाहुणे येणार असतात. नावं संस्थेच्या अहवालात छापा.

टप्पा १०: किल्ली दिल्यानंतर

जमलेल्या पैशातला थोडा भाग, आमच्याकडे विसावा हिस्सा, खर्च न करता खात्यात ठेवा. किल्लीबरोबर एक प्लास्टिकची पिशवी द्या. तीत उतारा, परवाना, नकाशा, वायरमनचा आणि प्लंबरचा फोन नंबर, आणि पाइप भिंतीत कुठून गेलेत त्याचे गिलाव्याआधी काढलेले फोटो छापून. खिळा ठोकताना त्यांना तेच लागतात.

जुलैत दोन आठवडे सलग पाऊस झाला की मुकादम आणि गवंडीमामांनी एकदा जायचं. शिडी घेऊन स्लॅबवर पाणी कुठे तुंबलंय ते बघायचं, आतून छताला ओल आलीय का, लाकडी दार फुगून अडकतंय का, ओट्यापुढची फरशी बसलीय का. जे निघेल त्याची दुरुस्ती त्या राखून ठेवलेल्या पैशातून, पाऊस उघडला की लगेच. गवंडीमामांची त्या दिवसाची हजेरीही त्यातूनच.